मॉरोविंडसाठी मॉड निवडताना

मॉरोविंड या संगणकावरील गेमसाठी मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल आणि भर, निवडायला बसण्यापूर्वी मूळ गेम, एकही मॉड न घालता, निदान आठ-दहा तास खेळावा आणि जे जे खटकेल ते एका वहीत लिहून ठेवावे. हा सल्ला कंटाळवाणा वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु तो न पाळल्यामुळे माझी एक संपूर्ण उन्हाळी सुटी वाया गेली आहे. कोणीतरी केलेली तयार यादी समोर ठेवून मी एका रात्रीत साठेक मॉड बसवले आणि नागपूरच्या मे महिन्यात, दारे-खिडक्या बंद करून कूलरसमोर बसून, गेममधील सेदा नीन गावातील एका घराच्या छपरातून वर आलेले झाड नेमके कोणत्या मॉडचे आहे याचा शोध घेत राहिलो. झाड एका मॉडचे होते, घर दुसऱ्याचे. दोन्ही मॉड आपापल्या जागी निर्दोष होते, आणि मला मुळात दोहोंपैकी एकाचीही गरज नव्हती.

पहिला निर्णय मॉडचा नसून इंजिनाचा, म्हणजे ज्यावर सारा गेम चालतो त्या प्रोग्रॅमचा, असतो. काटोल-वरूडकडील बागायतदार संत्र्याचे कलम घेताना डोळा कितीही चांगला दिसत असला तरी आधी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते रोप, जंबेरीचा आहे की रंगपूर लिंबाचा, हे विचारतो. येथेही तसेच आहे. २००२ सालचे मूळ इंजिन विंडोजवर चालते आणि त्याला मॉरोविंड कोड पॅच (इंजिनातील चुका दुरुस्त करणारा), एमजीई एक्सई (चित्र सुधारणारा) आणि एमडब्ल्यूएसई (मॉडना जादा क्षमता देणारा) यांची जोड देता येते. ओपनएमडब्ल्यू हे स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेले मुक्त इंजिन असून ते लिनक्स आणि मॅकवरही चालते. मात्र विकत घेतलेल्या मूळ गेमच्या फाइली त्याला लागतातच. एमडब्ल्यूएसईवर अवलंबून असलेले मॉड ओपनएमडब्ल्यूवर चालत नाहीत, आणि ओपनएमडब्ल्यूसाठी लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले मॉड मूळ इंजिनाला कळत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ओपनएमडब्ल्यू घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून लाँचरमधून (गेम सुरू करण्याच्या खिडकीतून) जोडता येतो, त्यामुळे तो काढणेही सोपे जाते. मूळ इंजिनात हाताने मॉड बसवल्यास सगळे काही एकाच ‘डेटा फाइल्स’ फोल्डरमध्ये ओतावे लागते; एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीवर बसते आणि खाली काय दडपले गेले याचा मागमूस राहत नाही.

आता वही उघडावी. त्यातील काही तक्रारींना मॉड लागतच नाही. चार पावलांवर धुके आहे, दूरचे डोंगर दिसत नाहीत, ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार असते; ओपनएमडब्ल्यूच्या लाँचरमध्ये दूरचा प्रदेश दाखवण्याची सोय आहे, ती चालू केली की काम भागते. गेममधील चुका, म्हणजे अडकणारी कामगिरी किंवा चुकलेले संवाद, यांच्यासाठी पॅच फॉर प्युरिस्ट्स हा एकच मॉड घ्यावा. तो मूळ रचनेला हात न लावता केवळ दोष दुरुस्त करतो, म्हणून तो सर्वांनी डोळे मिटून बसवावा.

खरा विचार करावा लागतो तो खेळाच्या स्वभावाविषयीच्या तक्रारींबाबत. ‘तलवार समोरच्याला लागलेली दिसते, तरी घाव बसत नाही’ असे नवा खेळाडू म्हणतो आणि लगेच प्रत्येक घाव बसवणारा मॉड शोधू लागतो. वस्तुतः घाव बसणे हे शस्त्राचे कौशल्य, चपळता, नशीब आणि त्या क्षणी अंगात उरलेला दम यांवर ठरते. पळत आल्यामुळे दम दाखवणारी हिरवी पट्टी रिकामी झालेली असते, आणि ज्या शस्त्राचे कौशल्य आपण निवडलेलेच नाही ते हातात असते. मग उंदीरसुद्धा मरत नाही. शत्रूजवळ चालत जावे आणि सुरुवातीला निवडलेल्या कौशल्याचेच शस्त्र वापरावे. एवढे करूनही चीड कायम राहिली तरच मॉड घ्यावा, कारण त्याने सुरुवातीचे दुबळेपण जाते आणि त्याबरोबर पुढे बलवान होण्याची मजाही जाते. नकाशावर बाण दाखवणाऱ्या मॉडबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. पुलापाशी उजवीकडे वळा, पुढे टेकडी डावीकडे ठेवा, असा तोंडी पत्ता ऐकून वाट शोधणे हा या खेळाचा गाभा आहे, आणि ज्याला तो नकोच आहे त्याने दुसरा खेळ निवडलेला बरा.

याउलट एक तक्रार मी रास्त मानतो. ट्रिब्यूनल हा विस्तार जोडलेला असला की अगदी पहिल्या पातळीवरच्या खेळाडूवरही झोपेत मारेकरी चालून येतात. तो वाचला तर मारेकऱ्याचे महागडे चिलखत विकून एका रात्रीत श्रीमंत होतो, आणि पुढची सारी आर्थिक ओढाताण निरर्थक ठरते. हा हल्ला पुढे ढकलणारा छोटा मॉड अवश्य घ्यावा.

चित्र सुधारणाऱ्या मॉडबाबत आपल्या यंत्राची कुवत पाहावी. टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्राची, लांबी-रुंदी दुप्पट केली की त्याला लागणारी मेमरी चौपट होते, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर लहान आकाराचीच आवृत्ती घ्यावी. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी चांगले यंत्रही तापून आपला वेग कमी करते. त्यामुळे आपल्याकडील चाचणी डिसेंबरात करून उपयोग नाही. गेममधील बाल्मोरा शहरात उभे राहून ओपनएमडब्ल्यूमध्ये एफ३ ही कळ दाबली की चित्रांचा वेग (सेकंदाला किती चित्रे) दिसतो. तो आधी लिहून ठेवावा, मग मॉड बसवून पुन्हा पाहावा. मॉरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच मात्र सजावटीपूर्वीच बसवावा; तो यंत्रावरचा भार कमी करतो.

बसवताना एका वेळी एकच मॉड घ्यावा आणि त्याआधी नवीन सेव्ह करावा. केवळ टेक्स्चर किंवा मेश (वस्तूचा आकार) असलेला मॉड खेळाच्या मध्यातही निर्धास्तपणे काढता येतो; पण खेळातील माणसे, जागा, नियम बदलणारी ईएसपी किंवा ईएसएम फाइल असलेला मॉड सेव्हमध्ये आपल्या खुणा सोडतो, आणि तो मध्येच काढल्यास सेव्ह बिघडू शकतो. दोन मॉडनी एकच गोष्ट बदलली असेल तर क्रमाने नंतर येणाऱ्याचे चालते. शत्रू आणि लूट ठरवणाऱ्या याद्यांच्या बाबतीत हे विशेष त्रासदायक ठरते, कारण एका मॉडने घातलेल्या वस्तू दुसऱ्यामुळे गुपचूप नाहीशा होतात. अशा याद्या एकत्र करण्यासाठी ओपनएमडब्ल्यूवर डेल्टाप्लगइन आणि मूळ इंजिनावर टीईएस३सीएमडी वापरतात. मॉडसोबतची वाचा-मला फाइल न वाचता पुढे जाणे म्हणजे औषधाचा कागद फेकून गोळी घेणे होय.

टॅम्रिएल रीबिल्ट हा मुख्य भूमी उभारणारा प्रचंड मॉड शेवटी घ्यावा. त्याला टॅम्रिएल डेटा ही वेगळी फाइल लागते. त्याची गुणवत्ता मूळ खेळाच्या तोडीची आहे, किंबहुना काही गावे मला अधिक आवडली. परंतु मूळ खेळ जेथे घडतो ते व्हार्डनफेल बेटच अजून नीट फिरून न झालेल्याला त्याची घाई कशासाठी?

यादी पक्की करण्यापूर्वी वही पंधरा दिवस बाजूला ठेवावी आणि मग जी तक्रार वाचूनही आठवत नाही तिच्यावर काट मारावी. माझ्या बावीस तक्रारींपैकी पाच उरल्या. त्यांत सर्वांत वर, दोनदा अधोरेखित केलेली, अंगावर झेपावणाऱ्या क्लिफ रेसर या पाखरांची होती. त्यांची संख्या कमी करणारा मॉड मी त्याच संध्याकाळी बसवला.