विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातली दुपार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विद्यापीठाचं कलासंग्रहालय मुळात शिकण्या-शिकवण्यासाठी उभं राहिलेलं असतं. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन १६८३ साली उघडलं. येलचं कलादालन १८३२ साली चित्रकार जॉन ट्रम्बुलच्या शंभराहून अधिक चित्रांवर सुरू झालं. आजही तिथे विद्यार्थ्यांचे वर्ग थेट चित्रांसमोर भरतात. म्हणूनच भिंतीवर न लावलेल्या वस्तूही अशा बऱ्याच ठिकाणी विनंती करून पाहता येतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना नेमकं हेच माहीत नसतं.

कागदावरची रेखाटनं, मुद्राचित्रं (पत्र्यावरून किंवा ठशावरून छापलेली चित्रं) आणि जलरंग उजेडाने फिके पडतात. म्हणून ती साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात काही महिनेच मांडतात आणि मग पुन्हा पेटीत ठेवतात. दालन अंधारं का, असा प्रश्न पडला तर कारण हे. पेटीतली चित्रं पाहायची तर अभ्यासकक्षात वेळ ठरवावी लागते. संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत शोधा, पाच-सहा वस्तू निवडा, प्रत्येकीचा नोंदणी क्रमांक लिहून किमान दोन आठवडे आधी ईमेल करा. नुसतं 'जुनी मुद्राचित्रं पाहायची आहेत' असं लिहिलं, तर उलट प्रश्न येतात आणि आठवडा तिथेच जातो. क्रमांक बहुधा १९५३.१२.४ अशा धर्तीचा असतो: १९५३ साली दाखल झालेला बारावा संच, त्यातली चौथी वस्तू. अभ्यासकक्ष दालनांच्या आधी बंद होतो, तेव्हा दुपारची सुरुवात तिथूनच करा.

आत जाताना हात धुवा. फक्त पेन्सिल न्या. शाई आणि कोळसा चालत नाही. टेबलावर कागद आला की घाई नको. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट शोधा. लाकडी ठशाच्या छपाईत ती नसते. मात्र कडा कापलेल्या असतील तर पत्र्याच्या छपाईतही ती दिसणार नाही. मग डोळे कागदाच्या पातळीला आणून तिरपं बघा: खोदलेल्या रेषेतली शाई कागदावर किंचित उंच उभी दिसते. छापील पुस्तकात हे कधीच कळत नाही, आणि एवढ्यासाठी सगळा खटाटोप करावा असं ते असतं.

दालनांत दीड तास पुरे. पाय दुखायच्या आधी लक्ष उडतं, म्हणून चार-पाच चित्रं ठरवा आणि प्रत्येकासमोर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आधी चित्र, मग लेबल. उलटं केलं की लेबलात सांगितलेलं तेवढंच दिसतं. लेबल मात्र नीट वाचा. नुसतं नाव असेल तर ते काम त्याच चित्रकाराचं मानलं जातं. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं, पण पक्की खात्री नाही. 'वर्कशॉप ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेतल्या हातांचं. 'आफ्टर' हा शब्द सर्वांत फसवा: ती दुसऱ्याने त्याच्या कामावरून केलेली नक्कल असते. हा शब्द काळाचा समजून नवखे लोक निबंधात चुकीचं लिहितात.

काचेवर चकाकी आली तर दोन पावलं बाजूला सरका. छतातून दिवसाचा उजेड येणाऱ्या दालनात संध्याकाळी रंग वेगळे भासतात, म्हणून तिथली तैलचित्रं आधी उरका.

पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवा. वळताना तीच चौकटीला लागते. रखवालदार टोकतात ते याचसाठी. बरीच दालनं बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधीच रिकामी करायला लागतात, तेव्हा शेवटचं चित्र शेवटच्या तासावर टाकू नका.

फ्लॅश बंद करूनच फोटो काढा. आधी लेबलाचा, लगेच चित्राचा. क्रम चुकला की घरी चाळीस फोटोंत कोणतं लेबल कोणाचं ते जुळत नाही.