हृदयपेशीचं अ‍ॅक्शन पोटेन्शियल: पेपरात आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) या चुका टाळा

‘हृदयपेशीतील अ‍ॅक्शन पोटेन्शियल आकृतीसह स्पष्ट करा’ (म्हणजे पेशीच्या आत-बाहेरच्या विद्युतदाबातला क्षणिक चढउतार) असा प्रश्न आला की पहिल्या वर्षाची बरीच मुलं चेतापेशीची आकृती काढून मोकळी होतात. शिखर जरा रुंद केलं की झालं हृदय! पेपर तपासताना दिसणाऱ्या बहुतेक चुका इथूनच निघतात. चेतापेशी आधी शिकवलेली असते, हृदय नंतर येतं, आणि पाठ झालेला साचा सुटत नाही.

आधी आडवा अक्ष बघा. चेतापेशीचा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. व्हेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) पेशीत तो २०० ते ३०० मिलिसेकंद चालतो. अक्षावर वेळ लिहिली नसेल तर हा फरक आकृतीत येतच नाही. सुरुवात उणे ९० मिलिव्होल्टच्या सपाट रेघेपासून. मग सोडियम आत घुसतो, रेघ सरळ वर जाते, शेंड्याला छोटी खाच पडते आणि प्लॅटो, म्हणजे जवळजवळ आडवा टप्पा, सुरू होतो.

‘प्लॅटोमध्ये आयनांची (सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशा विद्युतभारित कणांची) हालचाल थांबते’ हे वाक्य मी दर वर्षी खोडतो. रस्सीखेचीत दोर जागचा हलत नसेल तर कुणी ओढतच नाहीये असं म्हणायचं का? प्लॅटोत कॅल्शियम आत येत असतो, पोटॅशियम बाहेर जात असतो, आणि दोन्ही ओढी जवळजवळ बरोबरीत असतात म्हणून रेघ आडवी दिसते. पुढे कॅल्शियमच्या वाटा बंद होतात, पोटॅशियमची बाजू वरचढ होते आणि रेघ खाली येते.

ती खाली आणण्याचं श्रेय मुलं हमखास सोडियम-पोटॅशियम पंपाला देतात. पंप म्हणजे गच्चीवरची टाकी भरणारी मोटर. नळाला पाणी येतं ते टाकीतून, म्हणून मोटर बंद पडली तरी नळ लगेच कोरडा होत नाही. पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि साठा राखून ठेवतो. रेघ उतरते ती पोटॅशियमच्या चॅनलमुळे, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या वाटांमुळे.

एवढा लांब प्लॅटो कशाला, हा व्हायव्हातला आवडता प्रश्न. आकुंचन बरंचसं उरकेपर्यंत पेशी दुसरा इशारा घेतच नाही. हाताचा स्नायू लागोपाठच्या इशाऱ्यांनी आवळून धरता येतो. हृदय तसं आवळून बसलं तर त्यात रक्त भरणार कधी?

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: विजेची रेघ म्हणजेच आकुंचन समजणं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांना जोडणारा दुवा कॅल्शियम आहे. हे कळलं ते एका गफलतीतून. लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत होते. मिठाच्या द्रावणात हृदय छान धडधडत होतं. नंतर लक्षात आलं की ते द्रावण डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाच्या पाण्यात केलेलं होतं. डिस्टिल्ड वॉटर वापरल्यावर हृदय मंदावत थांबलं. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम कामी येत होता. १८८३ मध्ये त्यांनी ही चूक स्वतःच छापून कबूल केली.

पण बाहेरून येणारा कॅल्शियम थोडासाच असतो, तो एकटा पुरत नाही. तो पेशीतल्या सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम या कोठारावरच्या रायनोडिन रिसेप्टरची दारं उघडतो आणि आतला मोठा साठा बाहेर पडतो. विरजणासारखं आहे हे: चमचाभर दही, पातेलंभर दही. (उपमा इथवरच. विरजणाला रात्र लागते, इथे काम मिलिसेकंदांत होतं.) स्केलेटल मसलमध्ये (हातापायांच्या स्नायूत) कोठाराचं दार थेट जोडणीने उघडतं, त्यासाठी बाहेरचा कॅल्शियम लागत नाही. म्हणून तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं उतरवलं की मार्क जातात. पुढचा भाग दोघांत सारखाच: कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटतो, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, मायोसिन अ‍ॅक्टिनला ओढतं (ही चारही स्नायूतली प्रथिनं).

‘मग स्नायू आपोआप सैल पडतो’ असंही लिहू नका. सैल व्हायलाही एटीपी (पेशीचं इंधन) खर्च होतो. कॅल्शियम कोठारात परत ओढायला पंप लागतो आणि मायोसिनची पकड सुटायलाही एटीपी लागतो. मृत शरीर ताठरतं ते एटीपी संपल्यामुळेच.

एसए नोडची, म्हणजे हृदयाचा ताल ठरवणाऱ्या पेशींच्या पुंजक्याची, आकृती वेगळी काढा. तिथे सपाट रेघ नाहीच. साधारण उणे ६० पासून रेघ स्वतःहून वर सरकत राहते आणि उणे ४० च्या आसपास इशारा सुटतो. ही चढण सुरू करणाऱ्या प्रवाहाचं नावच ‘फनी करंट’, कारण इतर चॅनल ज्या वेळी गप्प असतात तेव्हा हे उघडतं. नंतरची उभी चढण मुख्यतः कॅल्शियमची, सोडियमची नाही. ‘मेंदू आदेश देतो म्हणून हृदय चालतं’ हेही खोडाच. प्रत्यारोपित हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, तरी ते चालतं, उलट नेहमीपेक्षा जोरात धावतं, कारण लगाम ओढणारी व्हेगस नसच तुटलेली असते.

ईसीजीतही (हृदयातल्या विजेच्या आलेखातही) वीज आणि आकुंचन यांचा हाच घोळ होतो. क्यूआरएस हा आलेखातला उंच टोकदार भाग म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये पसरलेली वीज. पिळणं, म्हणजे आकुंचन, त्यानंतर येतं, आणि कधी येतही नाही. मालिकांमध्ये सरळ रेघ दिसली की शॉक देतात. शॉक हा बेताल झालेली वीज एका झटक्यात थांबवण्यासाठी असतो. जिथे वीजच नाही तिथे थांबवणार काय? याच्या उलट प्रसंग व्हायव्हात विचारतात: मॉनिटरवर क्यूआरएस नीट येताहेत आणि पेशंट निपचित पडलाय. त्या वेळी मॉनिटर बघत उभे राहू नका, मानेवर बोटं ठेवून नाडी बघा. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.