खुर्ची आधी उलटी करा

पहिल्या दिवशी मेस्त्रींनी माझ्या हातात ना रंधा दिला, ना करवत. पडवीत एक जुनी वेताची खुर्ची पडली होती. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "काय दिसता?" मी उत्साहाने नक्षी सांगायला लागलो. पाठीवरची वेल, कातलेले पाय, हाताच्या टोकाला कमळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरसून सगळाच बरा दिसता. उलटी कर."

याला आता बारा वर्षं झाली. सिंधुदुर्गात, कधी रत्नागिरीकडे, घरोघरी जाऊन जुनं लाकडी सामान उलटं करायचं, ते काय आहे ते ओळखायचं आणि दुरुस्त करायचं, हा माझा धंदा. या कामात येऊ म्हणणारी मुलं अधूनमधून भेटतात. बहुतेकांना कोरीवकाम शिकायचं असतं. शिका, पण घर चालतं ते ओळखण्यावर.

खालच्या आणि मागच्या अंगाला कारागीर सजावट करत बसत नाही, म्हणून त्याचा हात तिथे जसाच्या तसा राहतो. हाताने कापलेल्या फळीवर करवतीच्या रेघा सरळ पण थोड्या वेड्यावाकड्या असतात. गोल पात्याच्या यंत्राने कापलेली असेल तर कमानी दिसतात. टेबलाच्या फळीखालून बोटं तिरकी फिरवा, हातरंध्याच्या उथळ लाटा कळतात. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या खुणेसारखी खाच असेल तर तो १९३०च्या दशकानंतरचा. मात्र तेवढ्यावरून सामान नवं ठरवू नका, स्क्रू कुणीतरी मागाहून बदललेला असतो. शेजारी बुजवलेलं जुनं भोक आहे का ते बघा. गोल टेबल असेल तर टेप लावून दोन्ही बाजूंनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकसंध लाकडाचं खरं जुनं गोल टेबल किंचित लंबगोल झालेलं असतं. मापात बिनचूक गोल निघालं की मी विकणाऱ्याकडे चहा घेतो आणि निघतो.

लाकूड ओळखायला वास आणि वजन. साग तेलकट, जुन्या चामड्यासारखा वास येणारा. शिसव जड, काळपट जांभळी. फणसाची मजा वेगळीच: ताजा कापला की हळदीसारखा पिवळा आणि उजेड लागेल तसा तपकिरी. देव्हाऱ्याचा खण पूर्ण बाहेर ओढला की आतला भाग अजून पिवळट दिसतो. शंभर वर्षं त्याने ऊन पाहिलेलं नसतं.

आता थोडा इतिहास, कारण गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. कोकणातलं जुनं घर जमिनीवर बसणाऱ्यांचं. पाट, चौरंग, देव्हारा, माजघरातला पेटारा, भिंतीतलं फडताळ, ओटीवरचा झोपाळा, एवढ्यात संसार मावायचा. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पाट-चौरंगांवर लाखेचं रंगकाम केलं ते याच घरांसाठी. खुर्ची-टेबल मात्र पाहुणे. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, १५३४च्या तहात वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत मिळवली. मधल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावर एक मिश्र तऱ्हा तयार झाली. तिचा नमुना म्हणजे कोंतादोर: पुढून छोट्याछोट्या खणांनी भरलेलं, स्वतंत्र घडवंचीवर ठेवलेलं कपाट. सागात काळं लाकूड आणि हस्तिदंत बसवून भौमितिक नक्षी, आणि काही कोंतादोरांना पायांच्या जागी चक्क नागकन्या. आकार युरोपातला, मूर्ती इथली. असलं कपाट घरात सापडेल अशी आशा धरू नका, ती संग्रहालयांत आहेत. पण त्याचे दूरचे नातेवाईक, पिळाचे पाय आणि पितळी फुल्या असलेले पेटारे, अजून भेटतात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं काळं, दाट कोरलेलं सामान निघू लागलं. पानं, फुलं, पक्षी, कुठेच मोकळी जागा नाही. माझं खासगी मत विचाराल तर बघायला छान, पाठ टेकली की टोचतं. आणि मग वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ज्या मुंबईच्या इराणी हॉटेलांनी घराघरांत ओळखीच्या केल्या. थोनेट या ऑस्ट्रियातल्या कंपनीची चौदा नंबरची खुर्ची १८५९ची: वाफेवर वाकवलेले सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. हा कारखान्यातला माल, पण दर तिसऱ्या घरात कुणीतरी सांगतं की आजोबांनी सुतार बसवून करून घेतली. मी खुर्ची उलटी करतो. बैठकीच्या कड्याच्या आत कधी शिक्का असतो, कधी फाटकं लेबल. मग घरात थोडी शांतता पसरते.

ओळखायला शिकलो म्हणून चुका थांबल्या असं नाही. तिसऱ्या वर्षी राजापुराकडच्या एका घरातून फणसाचा पेटारा आणला. झाकणाला आतून ओरखडे होते. यंत्राचा पॉलिशपेपर फिरवून सगळं साफ केलं, चकाचक. पोचवायला गेलो तर घरातल्या आजींनी झाकण उघडून आतून हात फिरवला आणि विचारलं, "हय रेघो होते ते खंय गेले?" त्यांच्या सासूबाई कणगीतून काढलेल्या भाताचा हिशोब पटाशीच्या टोकाने तिथे मांडायच्या. आजी रागावल्या नाहीत. चहा दिला, ठरलेले पैसे दिले. तेव्हापासून सामानाला हात लावण्याआधी आतून, खालून, मागून फोटो काढतो आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारतो की यातली कुठली खूण राहू द्यायची.

नवख्याने सगळ्यात आधी शिकावं ते घासणं नव्हे, तपासणं. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा धरा. चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, आणि त्यावर चपडाच पुन्हा चढतो, जुना खरवडावा लागत नाही. काहीच झालं नाही तर बहुधा नंतरचा कारखानी थर. सांध्यांचंही तसंच. जुनी कामं कुसू-खोबणीत (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) आणि सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या डिंकाने केलेली. सरस गरम पाण्याने मऊ पडतो, सांधा न मोडता सुटतो. आधीच्या कुणी त्यात फेविकॉल ओतला असेल तर सोडवताना अर्धा दिवस आणि पूर्ण संयम जातो. म्हणून सरस शिजवायला शिका. वास वाईट येतो, शेजारी तक्रार करतात.

पॉलिशसाठी चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायचा, गाळायचा. कापसाचा गोळा जुन्या मलमलीत बांधायचा, तेलाचा एक थेंब, आणि इंग्रजी आठासारखे फेरे. हात थांबला की डाग. पण पावसाळ्यात हे करू नका. हवेतल्या ओलीने पॉलिश पांढुरकं पडतं. जून ते सप्टेंबर मी सांधे जुळवतो, वेत विणतो, वाळवीने खाल्लेल्या पायांना जोड देतो. पॉलिशची कामं नवरात्रानंतर.

खरेदी-विक्रीत उतरणार असाल तर दोन गोष्टी. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. शिसवीची झाडंही २०१७पासून सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणजे परदेशी माल पाठवताना कागद लागतात. दुसरी गोष्ट खास आपल्याकडची: सहहिस्सेदार. घराच्या सातबाऱ्यावर सात नावं आणि ओटीवरचा झोपाळा एकच. मी एका घरी झोपाळ्याची फळी घेतली, महिन्याभराने कळलं की पितळी कड्या पुण्याच्या चुलत्याच्या वाटणीला गेल्यात आणि फळी विकल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही. फळी परत नेऊन दिली, टेम्पोचं भाडं माझ्या खिशातून. आता सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आल्याशिवाय पेटाऱ्याचं झाकणही उचलत नाही.

शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये सुतारकाम शिका, हात बसतो. मग मेस्त्री शोधा. आणि मुंबईला गेलात तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अर्धा दिवस काढा, वस्तूंइतकीच तिथली जुनी लाकडी कपाटं बघायला. रखवालदार वाकून बघू देईल तेवढं.

गेल्या जुलैत वेंगुर्ल्याहून एका बाईंचा फोन आला. मी एप्रिलमध्ये नीट करून दिलेल्या टेबलाचा खण अडकला होता. कडा जरा तासून द्या म्हणाल्या, त्यांचा मुलगा रंधा घेऊन तयारच होता. मी त्यांना म्हटलं, रंधा ठेवून द्या, पावसाच्या ओलीने लाकूड फुगलंय, खणाला दसऱ्यापर्यंत मुदत द्या. दिवाळीच्या आधी त्यांनी पुन्हा फोन केला. खण उघडला होता, आत मुलाची शाळेची पावती सापडली, जी ते जुलैपासून शोधत होते.