अंत्यविधी आपल्या माणसाला साजेसा व्हावा म्हणून
घरी मृत्यू झाल्यास प्रथम डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे, कारण स्मशानभूमीत ते मागितले जाते. नेत्रदान करायचे असेल तर नेत्रपेढीला ताबडतोब कळवावे. नेत्र साधारणतः ६ तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. लाकडे की विद्युतदाहिनी, कोणते विधी करायचे, कोणते टाळायचे, याबाबत गेलेल्या माणसाची इच्छा प्रमाण मानावी, आणि मुलीला अग्नी द्यायचा असेल तर नातेवाइकांच्या कुजबुजीपायी तिला मागे सारणे सर्वथा अन्यायाचे आहे. शोकसभेत लांबलचक भाषणांऐवजी गेलेल्या माणसाचा आवडता अभंग म्हणावा, शेजाऱ्यांना व सहकाऱ्यांना आठवणी सांगू द्याव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी.