काउन्सेलरनं बोलावलं म्हणजे पोरानं काही केलं असं नाही

डिसेंबरात अमळनेरला आले की आमच्या ओट्यावर दर दोन दिवसांनी कोणीतरी फाइल घेऊन येतंच. अमेरिकेचा व्हिसा लागलेला, जानेवारीचं तिकीट हातात, पोरगं सातवी-आठवीत. प्रश्न ठरलेले असतात: शाळेचं रेटिंग किती, बस दारात येते का, कळण्याचं पीठ मिळतं का. (ज्वारी आणि अख्खे उडीद मिळतात, तिथेच दळा.) शाळेतल्या काउन्सेलरबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

2008 साली आम्ही न्यू जर्सीत गेलो तेव्हा मुलगा आठवीत होता, मुलगी तीन वर्षांची. मुलाच्या निकालपत्रकात गणिताला 74 होते. आपल्याकडे साठला फर्स्ट क्लास, म्हणजे आम्ही खुशीत. तिथे सत्तरीतले मार्क म्हणजे ‘सी’. ज्यांनी त्याचं वेळापत्रक बनवलं त्यांनी कागद पाहिला आणि त्याला सोप्या गणितात बसवलं. इथे करून गेलेले अपूर्णांक तो वर्षभर पुन्हा करत बसला. आम्ही गप्प, कारण शाळेला उलटून कसं बोलायचं? पण तिथलं गणित जिन्यासारखं असतं, अल्जेब्रा, जॉमेट्री, पुन्हा अल्जेब्रा, मग पुढचं. खालची एक पायरी चुकली की बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचणं अवघड. आमचा नाहीच पोचला. विषय कोणते घ्यायचे, कोणत्या पातळीचे घ्यायचे, हे काउन्सेलरच्या टेबलावर ठरतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

तेव्हा दाखला आणि लशींच्या तारखांचा कागद तर न्याच, पण मागच्या दोन-तीन वर्षांची निकालपत्रकं शाळेचा शिक्का मारून न्या. सोबत तुमच्या बोर्डात किती टक्क्यांना कोणता वर्ग मिळतो याचा कागद मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत घ्या. गणित-विज्ञानाचं पाठ्यपुस्तक बॅगेत टाका. काउन्सेलरसमोर पुस्तक उघडून ‘हे झालंय’ असं बोटानं दाखवण्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. ते हे ऐकून घेतात, आपणच सांगत नाही. व्हिसाचे कागद मात्र पुढे करायची गरज नाही. कोणत्याही स्टेटसच्या मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्येच सांगून ठेवलंय. पत्त्याचा पुरावा मागतील, तो द्या.

आता दुसरी गोष्ट. मुलगा नववीत असताना काउन्सेलरचा फोन आला, दोघांनी या. ह्यांनी लग्नातला कोट चढवला. गाडीत मुलाला तीनदा विचारलं, काय व्हयनं रे भाऊ? तो खिडकीबाहेर बघत होता. खोलीत टेबलाच्या अलीकडे-पलीकडे नाही, तर गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसवलं, मध्ये टिश्यूचा डबा. बाईंनी एक कागद पुढे केला: पोट दुखतं म्हणून मुलगा नर्सकडे गेल्याच्या तारखा. सगळे मंगळवार आणि गुरुवार, सगळा तिसरा तास. तिसऱ्या तासाला जिम. जिमच्या आधी सगळ्या पोरांसमोर कपडे बदलायचे, आणि आमचं पोर त्या लाजेनं मरत होतं. घरी मी दोन महिने ओवा चारत होते! बाईंनी पाच मिनिटांत तोड काढली, नर्सच्या बाथरूममध्ये बदल म्हणाल्या. पोटदुखी थांबली.

त्यांच्या दारावर तेव्हा ‘गायडन्स’ अशी पाटी होती आणि भिंतभर कॉलेजची माहितीपत्रकं. मुलगी त्याच गावात हायस्कूलला गेली तोवर पाटी ‘स्कूल काउन्सेलिंग’ झाली होती. पाटी उगाच बदललेली नाही. हा पेशा सुरू झाला नोकरीच्या सल्ल्यातून. 1908 साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना काम निवडायला मदत करणारा ब्युरो काढला, तोही परदेशातून नव्यानं आलेल्यांच्या वस्तीत. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच की! मग 1957 ला रशियाचा स्पुतनिक उडाला. अमेरिका घाबरली, 1958 च्या कायद्यानं शाळांना पैसे दिले आणि काउन्सेलर हुशार पोरं हेरून विज्ञानाकडे वळवू लागले. आता वेळापत्रक आणि कॉलेज आहेच, पण त्याच्या जोडीला झोप, भीती, मोबाइलवरची भांडणं, आईवडिलांचं बिनसणं. माझ्या मुलीची शाळा कोविडनं घरात आली तेव्हा काउन्सेलर स्क्रीनवर दर आठवड्याला ‘जेवलीस का’ विचारायच्या. मला आधी हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं.

अमळनेरच्या माणसाला यात नवल वाटू नये. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे आणि वसतिगृहातल्या पोरांची आईसारखी उस्तवार करायचे, ते दुसरं काय होतं? फरक इतकाच की तिथे एकेकाच्या वाट्याला शेकडो मुलं असतात. त्यांची संघटना म्हणते, एका काउन्सेलरमागे 250 असावीत, आणि देशाची सरासरी त्याच्या कितीतरी वर आहे. म्हणून ते बोलावतील याची वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात चार ओळींची ईमेल करा: मूल कुठून आलं, कोणत्या भाषेत शिकलं, कशाला घाबरतं. मुलं बहुधा आडनावाच्या अक्षरावरून किंवा इयत्तेवरून वाटलेली असतात, तुमचं कोण ते ऑफिसात विचारा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, तो द्यावा लागतो, बऱ्याचदा फोनवर. स्वतःच्या पोराला दुभाषी करू नका. आमच्या चिरंजीवांनी एकदा ‘हा होमवर्क करून देत नाही’चं भाषांतर ‘होमवर्क जास्त देत नाहीत’ असं केलं होतं.

आता जरा अवघड. मूल काउन्सेलरशी बोलतं ते सहसा त्या खोलीतच राहतं. पण जिवाला धोका दिसला किंवा घरी मारहाण होते असं वाटलं तर त्यांना कळवावंच लागतं, तसा कायदा आहे. आपल्याकडे दोन धपाटे ही गोष्ट नसते, तिथे असते. यावर ‘घरातलं बाहेर बोलू नको’ असं पोराला पढवणं हा उपाय नाही. हात आवरणं हा आहे.

काउन्सेलरचं नाव काढलं की ‘वेड लागलंय का त्याला’ असं आपण लगेच विचारतो. काउन्सेलर निदान करत नाहीत, औषध देत नाहीत, दीर्घकाळ चालणारे उपचारही करत नाहीत, ते पुढे पाठवतात. वाचनात, लक्षात अडचण असेल तर तपासणीची मागणी लेखी करा. तोंडी बोललेलं हवेत जातं. आणि रात्री-बेरात्री काही वाटलंच तर 988 हा मानसिक संकटात मदत करणारा फोन नंबर 2022 पासून देशभर चालतो.

एका बाबतीत मात्र त्यांच्यावर विसंबू नका, ती म्हणजे व्हिसा. एच-फोरवरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला केंद्र सरकारची कॉलेजची मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी ते स्टेटसही सुटतं. अनेक काउन्सेलरना हे माहीतच नसतं, ते सगळ्यांना वाटतात तोच फॉर्म तुम्हालाही देतील. अकरावीतच वकिलाला विचारा, आणि काय कळलं ते काउन्सेलरनाही सांगा. पुढच्या वर्षी तुमच्यासारखंच कोणीतरी त्याच खुर्चीत बसलेलं असेल.