लाइट गेली तरी नेट चालू राहावं म्हणून

गावात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर बंद पडतो आणि मीटिंग तुटते. एवढ्यासाठी इन्व्हर्टर नको, राउटरचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटरला वीज देणारा बॅटरीचा डबा, पुरतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. बहुधा १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असतं. यूपीएसचे व्होल्ट त्याच्याशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. अँपिअर जास्त चालतील, कमी पडले तर राउटर सारखा रीस्टार्ट होतो. फायबर इंटरनेटची वायर ज्यात येते तो डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप द्या, हेच हमखास राहून जातं.

टिनाच्या छताखाली राउटर वर ठोकू नका, मे महिन्यात तिथंच सगळ्यात जास्त तापतं. आणि कामाचं टेबल कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. थेंब कीबोर्डवर उडतात.