अंड्याचं कवच आणि ठिबकातला क्षार: घरच्या घरी कॅल्शियम कार्बोनेट कसं वाढवावं

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकला की गावठी कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, आणि अंड्यांची कवचं पातळ यायला लागतात. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग बायकार्बोनेट कमी पडतं. कवचातला कार्बोनेट तिथूनच यायचा असतो. वर उन्हाने दाणा कमी खाल्ला जातो, म्हणजे कॅल्शियमही घटतं.

त्याच दिवसांत केळीच्या बागेत ठिबकचे ड्रिपर पांढऱ्या क्षाराने बुजलेले असतात. बोअरचं पाणी जड असलं की तो क्षार बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच असतो, आणि अंड्याचं कवचही सुमारे ९५ टक्के तेच. आपल्या काळ्या मातीत नांगराला लागणारे चुनखडीचे खडेही त्याच पदार्थाचे. पण क्षार वाट मिळेल तिथे साचतो, आणि कोंबडी कवच ठरल्या जागी, ठरल्या जाडीचं, साधारण २० तासांत पुरं करते. हे तिला कसं जमतं, ते दोन ग्लास आणि थोडा धीर असला तर घरी बघता येतं. मुलांना सोबत घ्या.

आधी एक अंडं ग्लासात ठेवून ते बुडेल इतकं व्हिनेगर ओता. लगेच बुडबुडे सुटतील. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. दीड-दोन दिवसांत कवच विरघळतं आणि हातात राहतो मऊ, लवचिक पापुद्रा. तो नीट बघा. कोंबडीच्या पोटात आधी हा पापुद्रा बनतो, मग त्याच्या बाहेरच्या अंगावर ठराविक ठिपक्यांपासून स्फटिक उगवायला लागतात. सजीवांची पद्धत अशीच: आधी साचा, मग खनिज.

आता प्रयोगाचं सामान. कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे ठिबकमधून सोडायचं विद्राव्य खत. खताच्या दुकानात मिळतं. धुण्याचा सोडा. किराणा दुकानातली चायना ग्रास, शक्यतो पावडर. आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, कारण बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात आणि सगळा हिशेब बिघडतो. वापरलेले ग्लास-चमचे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. खत विस्तवापासून लांब ठेवा. सोडा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पहिला ग्लास सोपा. अर्धा ग्लास पाण्यात पाव चमचा खत विरघळवा, दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच पाण्यात पाव चमचा सोडा, आणि दोन्ही एकत्र ओता. क्षणात दूध होतं. अमोनियाचा किंचित वास आला तर घाबरू नका, या खतात थोडं अमोनियम असतं. थोड्या वेळाने तळाशी पांढरा गाळ बसेल. ड्रिपर बुजवतो तो असाच, फक्त तिथे हे काम सावकाश होतं.

दुसरा ग्लास हाच खरा प्रयोग, इथे घाई करू नका. एक कप पाण्यात चहाचा एक चमचा चायना ग्रास पावडर घालून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. गॅस बंद करून त्यात अर्धा चमचा खत ढवळा आणि अर्ध्या ग्लासापर्यंत ओता. थंड होऊन जेली घट्ट बसली पाहिजे. कड सुटलेली असेल तर सोडा बाजूने खाली उतरतो आणि सगळं वाया जातं. मग अर्धा कप पाण्यात पाव चमचाच सोडा विरघळवून चमच्याच्या पाठीवरून हळूच जेलीवर सोडा. ग्लास झाकून सावलीत ठेवा आणि आठवडाभर हलवू नका.

जेलीच्या माथ्यावर आधी पांढरा पट्टा दिसेल. लक्ष त्याच्याखाली ठेवा. सोडा जेलीतून मुंगीच्या पावलाने झिरपतो, म्हणून तिथे गाळ होत नाही, सुटे कण वाढतात. भिंगातून रोज बघा, तारीख लिहून चित्र काढा. शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच.

प्रयोगशाळेत शास्त्रज्ञही अगर (म्हणजे हीच चायना ग्रास) किंवा जिलेटिनच्या जेलीत असेच स्फटिक वाढवतात, कारण सजीवाच्या ऊतीसारखीच जेलीही कणांची वाट अडवते आणि वेग आवरते. कॅल्शियम कार्बोनेटची स्फटिकरूपं तीन: कॅल्साइट, अॅरागोनाइट आणि व्हॅटेराइट. कोंबडीचं कवच कॅल्साइटचं. शिंपल्याच्या आतला मोतिया थर अॅरागोनाइटच्या चकत्यांचा. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रोमीटर (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाचा निम्मा) जाड, मध्ये प्रथिनं आणि कायटिन (खेकड्याच्या कवचातला चिवट पदार्थ). समुद्री साळिंदराची (सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची) पिल्लं तर आधी आकारहीन, म्हणजे अजून स्फटिक न बनलेलं कार्बोनेट साठवतात आणि नंतर त्याचाच कॅल्साइटचा काटा घडवतात. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं, की कच्चा माल आधी मऊ ठेवून त्याला हवा तो आकार देता येतो.

आठवडा झाला की सुईने एक मोठा कण काढा, साध्या पाण्यात धुवा, काचेवर ठेवा आणि भिंगाखाली व्हिनेगरचा एक थेंब सोडा. बुडबुडे आले तर तो कार्बोनेटच. अगरमध्ये वाढलेल्या कॅल्साइटच्या पोटात जेलीचे धागे अडकलेले असतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. कण विरघळल्यावर काचेवर धूसर, मऊ असं काही उरतं का, तेही बघा. व्हिनेगरमधल्या अंड्याचा पापुद्रा शेजारी ठेवला तर ताडून बघता येईल.